अर्भकमृत्युमान आणि सामाजिक-आर्थिक विकास

जिवंत जन्मलेले मूल वयाचे एक वर्ष पूर्ण होण्याच्या आत दगावल्यास त्याच्या मृत्यूस अर्भकमृत्यू म्हणतात. एखाद्या प्रदेशात एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे त्याच वर्षात झालेल्या अर्भकमृत्यूंची संख्या म्हणजे त्या प्रदेशाचे अर्भकमृत्युमान होय. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंना नवजात मृत्यू आणि त्यानंतरच्या, पहिल्या वर्षअखेरपर्यंतच्या मृत्यूंना नवजातोत्तर मृत्यू अशी संज्ञा आहे. हा भेद केवळ गणनेच्या सोयीसाठी केलेला नाही. नवजात मृत्यूंची कारणे मुख्यतः मातेचे आरोग्य, गरोदरपणातील पोषण, बाळंतपण आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील काळजी यांत आढळतात. नवजातोत्तर मृत्यू बहुतांशी अतिसार, फुप्फुसशोथ, गोवर इ. सांसर्गिक रोगांमुळे होतात व त्यांचा संबंध घर, पाणी, अन्न आणि सांडपाणी यांच्याशी अधिक निकटचा असतो.

अर्भक स्वतःसाठी काहीही करू शकत नाही. ते आजूबाजूच्या माणसांवर व परिस्थितीवर सर्वस्वी अवलंबून असते. म्हणूनच एखाद्या समाजाची स्थिती त्याच्या अर्भकमृत्युमानात लवकर व स्पष्टपणे प्रतिबिंबित होते, असे मानले जाते. या समजुतीतून आणखी एक निष्कर्ष काढण्याची प्रवृत्ती दिसते : संपत्ती वाढली म्हणजे अर्भकमृत्युमान आपोआप घटेल, व ती वाढेपर्यंत फारसे काही करता येणार नाही. गेल्या दोन शतकांचा इतिहास मात्र या निष्कर्षास दुजोरा देत नाही. संपत्ती व अर्भकाचे जीवित यांचा संबंध निश्चित आहे. परंतु तो मातेची स्थिती, ज्ञान, स्वच्छता व सार्वजनिक सेवा यांच्या द्वारे घडून येतो. या गोष्टी नसतील, तर संपन्न समाजातही मुले दगावतात. त्या असतील, तर निर्धन समाजातही वाचतात.

नोंदींचा प्रारंभ : लहान मुलांच्या मृत्यूंचा संख्यात्मक विचार प्रथम लंडनचा व्यापारी जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळतो. शहरातील साप्ताहिक मृत्यूपत्रकांचा अभ्यास करून त्याने असे अनुमान काढले, की जन्मलेल्या शंभर मुलांपैकी सु. ३६ मुले वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी मरतात. स्वीडनमध्ये १७४९ पासून चर्चच्या नोंदवह्यांच्या आधारे जन्ममृत्यूंची राष्ट्रीय आकडेवारी संकलित होऊ लागली. त्या काळी तेथील अर्भकमृत्युमान दरहजारी २०० च्या आसपास होते. ते १०० पर्यंत खाली येण्यास दीडशे वर्षे लागली. इंग्लंड व वेल्समध्ये १८३७ साली मुलकी नोंदणी सुरू झाली. महानिबंधक कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार याने या नोंदींवरून जिल्ह्याजिल्ह्यांतील मृत्यूंची तुलना केली. खेड्यात जगू शकणारे मूल गिरणीच्या शहरात का मरते, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच आकड्यांच्या भाषेत शासनापुढे आला.

इंग्लंडचा अनुभव : एकोणिसाव्या शतकात इंग्लंड हे जगातील सर्वांत संपन्न औद्योगिक राष्ट्र होते. शतकाच्या उत्तरार्धात मजुरीचे वास्तविक दर वाढले आणि १८७० नंतर एकूण मृत्युमानही घटू लागले. परंतु अर्भकमृत्युमान शतकभर दरहजारी १५० च्या जवळपास राहिले व १८९९ मध्ये ते १६३ होते. उन्हाळ्यातील अतिसार हे त्याचे एक प्रमुख कारण होते. शहरात येणारे दूध अनेक हातांतून जाई व वाटेतच नासे. घोड्यांच्या लिदीवर माश्यांची पैदास होई. अनेक घरांत वाहते पाणी नसे. अंगावरचे दूध न मिळणाऱ्या मुलांना याची झळ सर्वाधिक लागे. हवामानावरील हे अवलंबित्व इतके होते, की १९१० मध्ये १०५ पर्यंत घटलेले अर्भकमृत्युमान १९११ च्या कडक उन्हाळ्यात १३० वर गेले आणि १९१२ मध्ये पुन्हा ९५ वर आले.

बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी बरेच जण शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरल्याने राज्यकर्ते अस्वस्थ झाले व १९०४ मध्ये एका शासकीय समितीने या प्रश्नाची चौकशी केली. जॉर्ज न्यूमन या डॉक्टरने १९०६ मध्ये अर्भकमृत्यू हा सामाजिक प्रश्न आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. सुईणींचे प्रशिक्षण व नोंदणी यांसंबंधीचा १९०२ चा कायदा, जन्माची खबर तातडीने आरोग्याधिकाऱ्यास देण्याविषयीचा १९०७ चा कायदा, घरोघरी जाणाऱ्या आरोग्य-परिचारिका आणि १९१८ चा माता-बालकल्याण कायदा ही या जागृतीची फळे होत. मृत्युमानात घट नेमकी कशामुळे सुरू झाली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पाणीपुरवठा व मलनिःसारण, लहान होत गेलेली कुटुंबे, सुधारलेला दूधपुरवठा या सर्वांना त्याचे श्रेय दिले जाते. तथापि १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर शाळेत गेलेल्या मुलींची पिढी याच सुमारास माता बनली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

फ्रान्समध्ये प्येअर बुदँ याने १८९२ मध्ये पॅरिस येथे तान्ह्या मुलांच्या नियमित तपासणीचे केंद्र काढले. तेथे मुलांचे वजन केले जाई व मातांना स्तनपानाविषयी सल्ला मिळे. दोन वर्षांनी फेकां या बंदरात लेआँ द्युफूर याने निर्जंतुक दुधाचे वाटप सुरू केले. आजच्या बालकल्याण केंद्रांचे मूळ अशा उपक्रमांत सापडते.

अमेरिकेतील अभ्यास : अमेरिकेत १९१२ मध्ये जूलिया लेथ्रॉप हिच्या नेतृत्वाखाली शासकीय बाल-विभाग स्थापन झाला. त्याने जॉन्सटाउन या पोलादनगरीत वर्षभरात जन्मलेल्या मुलांचा घरोघर जाऊन मागोवा घेतला. पित्याची कमाई जसजशी कमी, तसतसे मुलाच्या मृत्यूचे प्रमाण अधिक, हे त्यात स्पष्टपणे दिसून आले. परंतु याला पूरक अशी दुसरी बाजूही आहे. सॅम्युएल प्रेस्टन व मायकेल हेन्स यांनी १९०० च्या जनगणनेचे पुनर्विश्लेषण करून १९९१ मध्ये दाखविले, की त्या वेळी तेथे सु. १८ टक्के मुले पाच वर्षांच्या आत मरत आणि डॉक्टरांची मुलेही इतरांपेक्षा फारशी सुरक्षित नव्हती. पैसा होता, व्यवसायही वैद्यकाचा होता; पण रोगजंतूविषयीचे ज्ञान अद्याप घरातील नित्याच्या सवयींत उतरले नव्हते. हात धुणे, दूध तापविणे, आजारी मूल वेगळे ठेवणे या गोष्टी रूढ झाल्यावर पुढील दोन दशकांत सुशिक्षित कुटुंबांतील मुले इतरांच्या बरीच पुढे गेली. ज्ञान जेव्हा सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचत नाही, तेव्हा त्याचा पहिला लाभ ज्यांच्याकडे साधने असतात त्यांनाच होतो, हेही त्यावरून दिसते.

भारतातील पूर्वस्थिती : जन्मानंतरचे पहिले काही दिवस धोक्याचे असतात, ही जाणीव भारतीय समाजात जुनीच आहे. महाराष्ट्रात पाचव्या किंवा सहाव्या दिवशी केली जाणारी सटवीची पूजा तिची साक्ष देते. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्यामुळे होणारा नवजात धनुर्वात साधारणतः याच दिवसांत प्रकट होतो. रोगाचे कारण अज्ञात असले, तरी त्याचा काळ लोकांना अनुभवाने ठाऊक होता.

काही अर्भकमृत्यूंची कारणे निव्वळ सामाजिक होती. मुलींच्या हत्येस आळा घालण्यासाठी १८७० मध्ये कायदा करावा लागला. विधवाविवाहास असलेल्या बंदीमुळे फसलेल्या विधवांची मुले मारली जात. त्यांच्या रक्षणासाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. बालविवाहामुळे कोवळ्या वयात लादलेले मातृत्व हे दुसरे कारण होय. आनंदीबाई जोशी यांचे मूल त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी झाले व ते दहा दिवसच जगले. या दुःखातून त्या वैद्यकाच्या शिक्षणाकडे वळल्या व १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांनी पदवी मिळविली. स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत यासाठी स्थापन झालेला डफरिन निधीही याच काळातील (१८८५) आहे.

गिरणगावातील अर्भके : औद्योगिक विकास व अर्भकमृत्यू यांचे नाते भारतात सर्वांत ठळकपणे मुंबईत दिसून आले. पहिल्या महायुद्धानंतर कापडगिरण्यांना मोठा नफा झाला. पण १९२१ मध्ये शहराचे नोंदलेले अर्भकमृत्युमान दरहजारी ६०० हून अधिक होते. एका खोलीच्या बिऱ्हाडांत ते ८०० च्या वर, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १५० च्या आत होते. हे आकडे जपून वापरले पाहिजेत. कोकण व घाटावरील अनेक कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात आणि मूल घेऊन परत येत. जन्म गावी व मृत्यू मुंबईत, अशा स्थितीत भाजक लहान राहून प्रमाण फुगते, व हा दोष मजुरांच्या बिऱ्हाडांबाबत सर्वाधिक संभवतो. तरीही एका खोलीत राहणारे मूल व चार खोल्यांत राहणारे मूल यांच्या जगण्याच्या संधीत मोठी दरी होती, याविषयी शंका राहत नाही.

मुंबई सरकारने गिरणी-कामगार स्त्रियांच्या स्थितीच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांना आढळले, की कामकरी स्त्रियांच्या बहुतेक सर्व मुलांना (सु. ९८ टक्के) अफू दिली जाई. आई दहा दहा तास साच्यावर असताना मूल झोपून राहावे, एवढाच त्या बाळगोळीचा उद्देश असे. ही मातेची निष्काळजी नव्हती. मूल व मजुरी यांपैकी एकाची निवड करण्यास भाग पाडणाऱ्या व्यवस्थेचा तो परिणाम होता. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मातेला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची असून तिचा भार शासनानेही उचलावा, अशी भूमिका मांडली. मुंबई प्रसूतिलाभ अधिनियम १९२९ मध्ये संमत झाला. या विषयावरील तो भारतातील पहिला कायदा होय.

देशाच्या एकूण स्थितीचा आढावा भोर समितीने १९४६ च्या अहवालात घेतला. १९३७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचे अर्भकमृत्युमान दरहजारी १६२, इंग्लंड व वेल्सचे ५८ आणि न्यूझीलंडचे ३१ होते. खर्च देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांस मुकता कामा नये, हे तत्त्व समितीने मांडले व खेड्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना पुढे ठेवली.

केरळ व श्रीलंका : उत्पन्न आणि अर्भकमृत्युमान यांचा संबंध सरळ नाही, याचा सर्वांत प्रभावी पुरावा या दोन प्रदेशांनी दिला. नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७१ मध्ये भारताचे अर्भकमृत्युमान १२९, तर केरळचे ५८ होते. १९८१ मध्ये ते अनुक्रमे ११० व ३७ झाले. त्या वर्षी दरडोई उत्पन्नात देशात अग्रेसर असलेल्या पंजाबचे अर्भकमृत्युमान केरळच्या दुपटीहून अधिक होते. केरळमध्ये १९७१ साली निम्म्याहून अधिक स्त्रिया साक्षर होत्या. संपूर्ण देशात हे प्रमाण सु. पाचांत एक इतकेच होते. त्यामागे दीर्घ इतिहास आहे : शिक्षणाचा खर्च राज्याने करावा ही त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांची १८१७ ची घोषणा, मिशनरी शाळा, श्री नारायण गुरू व अय्यंकाळी यांच्या चळवळी, जवळजवळ असलेले दवाखाने आणि ते बंद राहिल्यास जाब विचारणारे लोकमत. श्रीलंकेत १९४६ मध्ये सु. १४० असलेले अर्भकमृत्युमान चार-पाच वर्षांतच ८० च्या घरात आले. हिवताप-नियंत्रण, मोफत शिक्षण व आरोग्यसेवा आणि सवलतीच्या दरातील तांदूळ यांना त्याचे श्रेय दिले जाते. अल्प खर्चात उत्तम आरोग्य साधणारे प्रदेश म्हणून १९८५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेत केरळ, श्रीलंका, चीन व कोस्टा रीका यांचा एकत्रित विचार झाला.

सैद्धांतिक विवेचन : टॉमस मकोन याने मृत्युमानातील ऐतिहासिक घटीचे श्रेय मुख्यतः सुधारलेल्या आहारास, म्हणजे पर्यायाने आर्थिक वृद्धीस दिले (१९७६). सायमन श्रेटर याने १९८८ मध्ये या मतावर टीका करून स्थानिक शासनाच्या स्वच्छताविषयक कार्याचे महत्त्व प्रतिपादिले. प्रेस्टनने १९७५ मध्येच दाखविले होते, की उत्पन्नाबरोबर आयुर्मान वाढते हे खरे. परंतु तितक्याच उत्पन्नाच्या देशांतील आयुर्मान १९३० पेक्षा १९६० च्या दशकात बरेच अधिक होते. नायजेरियातील अभ्यासावरून जॉन कॉल्डवेल याने १९७९ मध्ये मातेच्या शिक्षणावर भर दिला. शिकलेली आई आजार लवकर ओळखते, दवाखान्यात बोलू शकते आणि घरातील निर्णयांत तिचा शब्द चालतो, असे त्याचे म्हणणे होते. मोझली व चेन यांनी १९८४ मध्ये या सर्व मतांना एका चौकटीत बसविले. त्यांच्या मते दारिद्र्य किंवा निरक्षरता ही कारणे मुलापर्यंत पोहोचतात ती मातेचे वय व बाळंतपणांतील अंतर, प्रदूषण, कुपोषण, इजा आणि आजारातील उपचार या ठरावीक मार्गांनीच.

मार्ग ठाऊक असेल, तर तो स्वस्तातही अडविता येतो. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडल्यावर डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला व पटकीने होणारे मृत्यू झपाट्याने कमी केले.

मुलींचा प्रश्न : जैविक दृष्ट्या मुलगी मुलापेक्षा अधिक चिवट असते, असे असूनही भारताच्या अनेक भागांत दीर्घकाळ नवजातोत्तर काळात मुलीच अधिक दगावत. पंजाबातील खेड्यांचा अभ्यास करून मोनिका दासगुप्ता यांनी १९८७ मध्ये दाखविले, की घरात आधी मुलगी असताना जन्मलेल्या दुसऱ्या मुलीला धोका विशेष असतो व मातेच्या शिक्षणानेही हा भेद नाहीसा होत नाही. संपत्ती व साक्षरता यांच्याबरोबर मूल्यांतही बदल व्हावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील प्रयोग : डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड (अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर व अनेकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पिण्याचे पाणी, शेती व जातिभेद हे प्रश्नही त्यांनी आरोग्याच्याच कक्षेत आणले. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात १९९३ पासून आदिवासी बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न न्यायालयात व विधिमंडळात गाजू लागला. विकसित गणल्या जाणाऱ्या राज्यातही सरासरीच्या आड किती विषमता दडलेली असते, ते त्यामुळे उघड झाले.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून प्रत्येक जन्म व मृत्यूची नोंद ठेवून नवजात मृत्यूंचा अभ्यास केला. रुग्णालये दूर होती व बहुतेक बाळंतपणे घरीच होत. ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्यास उबदार ठेवणे, स्तनपानास मदत करणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे व जंतुदोषावर प्रतिजैविके देणे यांचे शिक्षण देण्यात आले. दरहजारी ६२ असलेले नवजात मृत्युमान तिसऱ्या वर्षी सु. २५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत मात्र ते जवळजवळ होते तेवढेच राहिले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या काळात त्या गावांचे उत्पन्न फारसे बदललेले नव्हते. २०११ मध्ये भारत सरकारने ‘आशा’ सेविकांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्याचा कार्यक्रम स्वीकारला. बालमृत्यूंची शासकीय नोंद प्रत्यक्षाहून बरीच कमी होते, याकडेही बंग यांच्या अभ्यासगटाने २००१ मध्ये लक्ष वेधले.

अलीकडील स्थिती : एकात्मिक बालविकास सेवा योजना (१९७५), सार्वत्रिक लसीकरण (१९८५), राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना (२००५) यांमुळे परिस्थिती बरीच पालटली. संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील सु. ३९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सु. ८९ टक्क्यांवर गेले. नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. २०२० मध्ये भारताचे अर्भकमृत्युमान २८ होते. केरळचे ६, महाराष्ट्राचे १६ व मध्य प्रदेशाचे ४३ होते. देशातील २८ पैकी २० मृत्यू पहिल्या २८ दिवसांतील होते. याचा अर्थ अतिसार व गोवर यांवर बराच ताबा मिळाला असून उरलेला प्रश्न माता व प्रसूती यांच्याभोवती केंद्रित झाला आहे. संपन्न देशांतही विषमता टिकून आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये अर्भकमृत्युमान ५.६ होते, परंतु कृष्णवर्णीय अर्भकांत ते श्वेतवर्णीयांच्या दुपटीहून अधिक होते.

सारांश, अर्भकमृत्युमान हा विकासाचा निर्देशक आहे. पण अर्भकाचे जगणे हे विकासाच्या अखेरीस मिळणारे फळ नव्हे. गिरण्यांच्या भरभराटीने मुंबईतील चाळींतली मुले वाचली नाहीत, आणि गडचिरोलीच्या दारिद्र्याने तेथील मुलांना वाचविण्याचा मार्ग अडविला नाही. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरली ती मातेची स्थिती व तिच्यापर्यंत पोहोचणारी सेवा. मूल वाचेल असा विश्वास वाटू लागल्यावर कुटुंबे लहान होतात, स्त्रियांना शिक्षण व काम यांसाठी अवसर मिळतो आणि त्यातून आर्थिक विकासासही गती येते. या प्रक्रियेची पहिली पायरी मात्र फार साधी आहे : जन्मलेल्या प्रत्येक मुलाची आणि दगावलेल्या प्रत्येक मुलाची प्रामाणिक नोंद. जो मृत्यू मोजला जात नाही, त्याचे कारण कोणी शोधत नाही.